बस्त्याव तुस्कानोला माती कशी मिळाली

बनारसच्या छावणीतील कॅथलिक दफनभूमीत, पेन्शनर शिपायांच्या ओळीच्या अखेरीस, पूर्वेकडच्या भिंतीलगत एक कबर आहे. तिच्यावर दगड नाही. विटांची चौकट आणि गंजलेला लोखंडी क्रूस, एवढेच. ही कबर बस्त्याव तुस्कानो या वसईच्या माणसाची आहे, असे मला दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे सांगितले. त्या दोघांची एकमेकांशी ओळख नाही आणि इतर बहुतेक बाबतींत त्यांचे म्हणणे जुळत नाही. म्हणूनच जिथे ते जुळते, तिथे मी विश्वास ठेवतो.

पहिली व्यक्ती शरदिनीबाई. ब्रह्मा घाटाजवळ छापखाना चालवणाऱ्या ढुंढिराजपंत मोघे यांच्या त्या कन्या. या छापखान्यात पोथ्या आणि पंचांगे निघत, आणि त्यांचे खिळे जुळवण्याचे काम बस्त्याव करी. दुसरे कायतान फुर्तादो, छावणीच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवून आता थकलेले गोव्याचे गृहस्थ. शरदिनीबाई आपल्या वडिलांना जरा जास्तच उजळ रंगवतात, कायतान स्वतःला. हे लक्षात ठेवून पुढील हकिगत लिहिली आहे. चर्चच्या दफनाच्या नोंदीत बस्त्यावचे नाव आणि आजार यापलीकडे काही नाही.

काशीत लोक मरायला येतात. बस्त्यावला मात्र काशीत मरण्याची धास्ती होती. आपण मेलो तर आपल्याला जाळतील, हे ते भय. ते काल्पनिक नव्हते.

बस्त्याव एकटा आला नव्हता. मुंबईच्या एका छापखान्यातून पंतांनी दोन कसबी खिळेजुळारी आणले होते: बस्त्याव आणि त्याच्याच गावचा मनवेल. दोघे पंचगंगा घाटाच्या वर, आलमगिरी मशिदीमागे, एका विणकराच्या घरात खोली घेऊन राहत. गल्लीने त्यांची नावे आपल्या सोयीने करून घेतली. बस्त्यावचा ‘बस्ती बाबू’ झाला. मनवेल मनवेलच राहिला, कारण त्याचे नाव रूढ होण्याआधीच तो वारला.

ते पावसाळ्याचे दिवस होते. नवे खिळे आणायला बस्त्याव अलाहाबादला गेला होता. मनवेलला ताप भरला आणि तो गेला. छावणी लांब, पाऊस थांबेना, आणि तिथे कोणाला कळवायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. पंतांना मनवेल ख्रिस्ती आहे हे अर्थातच माहीत होते. तरीही त्यांनी लाकडे मागवली, छापखान्यातल्या अहीर, म्हणजे तिकडच्या गवळी, गड्यांकडून तिरडी उचलवली आणि मणिकर्णिकेला अग्नी देववला. काशीत कुत्र्यालाही मुक्ती मिळते, मग या परमुलखातल्या मुलाने काय पाप केले, असा त्यांचा विचार. पंतांनी स्वतः खांदा दिला, असे शरदिनीबाई म्हणतात. ब्रह्मा घाटावरच्या वैदिकांच्या वस्तीत हे खपले असते, हे मला पटत नाही. ते मागून चालत गेले असावेत. तेवढेही त्या काळी थोडे नव्हते.

बस्त्याव परतला तेव्हा राखही गंगेत गेली होती. तो रडला नाही. “कुठे?” एवढेच त्याने विचारले. पंतांनी नदीकडे बोट दाखवले.

त्यानंतर सुमारे वर्षभराने बस्त्याव बुधवारी संध्याकाळीही छावणीत जाऊ लागला. रविवारचे सर्वांना ठाऊक होते. रविवारी तो मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाई. बुधवारचे कारण त्याने कोणाला सांगितले नाही, आणि ते दिवस न सांगण्याचे नव्हते. छापखान्यांवर सरकारचा नवा कायदा आला होता. मराठी माणसाचा छापखाना म्हटला की पंचांगातही राजद्रोह शोधला जाई. पंतांनी एका बुधवारी त्याला खिळ्यांचे खण ठेवलेल्या घोडीजवळ अडवले. शरदिनीबाई तेव्हा कागदाच्या गठ्ठ्यावर बसून चिंचोके खेळत होत्या, त्यामुळे हा संवाद त्यांना शब्दशः आठवतो असे त्या म्हणतात.

“संध्याकाळी कुठे असतोस रे?”

“छावणीत.”

“रविवारचं ठाऊक आहे मला. बुधवारी तिथे कसली पूजा?”

“पूजा नाही, पंत. सभा असते.”

“सभा!” पंतांनी उपरणे झटकले. “आजकाल सभेला जाणारा आणि सभेची खबर पोचवणारा, दोघे एकाच एक्क्यातून जातात. तू त्यातला कोणता?”

“मी मेल्यावर मला न्यायला येतील, त्यांची सभा आहे.”

“म्हणजे आम्ही मेलो की काय? मनवेलला नेलं नाही? चंदनाचा तुकडा घातला होता मी, पदरचा!”

“नेलंत, पंत,” बस्त्याव म्हणाला. “म्हणूनच तर.”

ती सभा म्हणजे संत योसेफाची बंधुसभा. तिची माहिती मला कायतान यांच्याकडून मिळाली. छावणीतले कॅथलिक पुरुष तिचे बंधू होते: रेल्वेचे गार्ड, बँडवाले, मद्रासकडचे खानसामे. इस्पितळात बेवारस मेलेल्या कॅथलिकाला पेटीत घालून माती देणे, आजाऱ्याकडे जोडीने जाऊन बसणे, ही त्यांची कामे. बंधू झालेल्याला गळ्यात घालायला निळी फीत मिळे. पण बस्त्यावला हवी होती ती फीत नव्हे, फितीमागची रीत. बंधू बुधवारच्या सभेला आला नाही, तर दुसऱ्या दिवशी दोघे जण त्याच्या दारात उभे राहत. तो जिवंत असला तर विचारपूस करत. नसला तर घेऊन जात. साऱ्या बनारसमध्ये आपली गैरहजेरी मोजणारे कोणी असावे, एवढ्यासाठी हा माणूस दर बुधवारी ती लांबची वाट तुडवत होता.

उमेदवाराला वर्षभर बिनफितीचे राबावे लागे. बस्त्यावने पेट्या उचलल्या, खड्डे खणले. पण सभेचे प्रमुख डगनसाहेब यांना तो पहिल्यापासून खटकला. डगन हे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. मनुष्य आणि तिकीट या दोन्ही गोष्टी उलटसुलट करून पाहिल्याशिवाय ते सोडत नसत. हा माणूस रेल्वेत नाही, छावणीत राहत नाही, पंडितांच्या पोथ्या छापतो आणि मूर्तिपूजकांच्या सर्वांत पवित्र घाटावर राहतो. मग याला आपल्यात कशाला यायचे आहे? पेटीचा लोभ, की आणखी काही? सभेचा नियम होता की प्रवेशाआधी दोन बंधूंनी उमेदवाराचे घर न कळवता पाहावे. डगन स्वतः निघाले आणि कायतानना बरोबर घेतले.

यानंतर जे घडले ते केवळ त्या मोहल्ल्यातच घडू शकले असते. बूट घातलेला गोरटा साहेब आणि त्याच्यामागे एक काळा कोटवाला, दोघे गल्लीत शिरून छापखान्याच्या माणसाचे घर विचारू लागले. मोहल्ल्याने काय समजायचे ते समजून घेतले: पोलीस.

“बस्ती बाबू का मकान?” पानवाला म्हणाला. “सीधे जाइए, फिर बाएँ.”

डावीकडे एक वैदिक उभे होते. त्यांनी उजवीकडे पाठवले. उजवीकडच्या बाईंनी दारच लावून घेतले आणि आतून “उतरत जा, उतरत जा!” असे मराठीत ओरडल्या. कायतानना मराठी कळत होते. ते उतरत गेले. डगनसाहेब घाम पुसत म्हणाले, “ये लोग हमको घुमाता है.” खरे होते. त्या गल्ल्यांतून सतत उतरत गेलेला माणूस शेवटी घाटावरच पोचतो. ज्या बस्त्यावला वाचवण्यासाठी मोहल्ल्याने खोट्या वाटा दाखवल्या, त्याच्यासमोरच त्या वाटांनी त्यांना नेऊन उभे केले, आणि तेही नेमक्या नको त्या क्षणी.

तिकडच्या पंचांगाने कार्तिक चालू होता. पंचगंगेवर कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आकाशदिवे चढवतात. उंच बांबूंना दोऱ्या बांधलेल्या असतात. संध्याकाळी वेताच्या टोपलीत दिवा ठेवून तो दोरीने वर ओढायचा, मेलेल्यांच्या वाटेवर उजेड पडावा म्हणून. डगन आणि कायतान शेवटच्या पायऱ्या उतरले तेव्हा त्यांचा उमेदवार अनवाणी उभा राहून दोरी ओढत होता, आणि शेजारी घाटिया, म्हणजे घाटावरचा पुरोहित, संकल्प म्हणत होता.

“तुस्कानो! ये क्या करता है तुम?”

बस्त्यावने दोरी सोडली नाही. सोडली असती तर दिवा खाली आदळला असता. “दीया चढ़ा रहा हूँ, साहब.”

“किसका वास्ते?”

“मनवेल का.”

“मनवेल कौन?”

“जिसकी कबर नहीं है.”

त्या वेळी घाटावर आत्याबरोबर आलेल्या शरदिनीबाईंना आणखी एक तपशील आठवतो. या दिव्याबद्दल मोहल्लाही साशंक होता. ख्रिस्ती माणूस टोपलीत दिव्याखेरीज काय ठेवतो, हे पाहायला लोकांनी घाटियाला लावले होते. त्याने पाहिले. तेल, वात, बाकी काही नाही. संकल्पासाठी मृताचे गोत्र लागते, आणि ख्रिस्ती माणसाला गोत्र कुठले? ज्याचे गोत्र माहीत नाही त्याचे काश्यप, असा शास्त्रातच तोडगा आहे. घाटियाने काश्यप म्हटले आणि मनवेल आगाशीकर, गोत्र काश्यप, याच्या नावाने दिवा वर गेला. ‘आगाशीकर’ हे वसईजवळच्या आगाशी गावावरून घाटियाने स्वतःच्या मनाने जोडले असावे.

डगनसाहेबांनी तिथेच बजावले: बुधवारच्या सभेआधी हा दिवा उतरला पाहिजे आणि पुन्हा चढता कामा नये. नाहीतर फीत नाही.

हे ऐकायला सोपे वाटते. पण घाटावरची समजूत अशी की कार्तिकात दिवा एकदा घेतला की पौर्णिमेपर्यंत रोज चढवायचा. मध्येच मोडला तर गेलेला जीव अर्ध्या वाटेवर अंधारात सापडतो. बस्त्याव हे मानत होता का? ख्रिस्ती माणसाने मानू नये. पण त्याच्या गावी नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या दिवशी, प्रत्येक घर आपल्या कबरीवर मेणबत्ती लावते. मनवेलला कबर नव्हती, म्हणून मेणबत्तीलाही जागा नव्हती. दोन महिने, दोन रिवाज, आणि त्यांच्यामध्ये नदीत गेलेली राख. त्याने मिळेल ती जागा घेतली. ही चूक होती असे म्हणता येईल. पण ती करायला वसईचा माणूस पंचगंगेवरच राहायला हवा होता.

पंतांनी त्याला सुटकेची वाट काढून दिली. “मी लिहून देतो. दिवा माझा होता आणि दोरी ओढणं तुझी चाकरी होती. झालं? साहेबाला काय कळतंय!”

“कळणार नाही, पंत. पण मग तो दिवा तुमचा होईल.”

“मग होऊ दे ना! माझ्या दिव्याला काय महारोग झालाय?”

“तुमच्या पितरांना दिवे आहेत,” बस्त्याव म्हणाला. “त्याला हा एकच.”

बुधवारी तो सभेला गेला. तिथली हकिगत कायतान यांची आहे. डगननी विचारले, दिवा उतरला का. बस्त्याव म्हणाला, नाही, कार्तिक अजून संपलेला नाही. मागच्या बाकावरून एक खानसामा हसला: “देखो भाई, इसको पेटी हमारा माँगता, और बत्ती उनका!” सगळे हसले. हशा थांबल्यावर बस्त्यावने एक मागणे केले. दफनभूमीत मनवेलच्या नावाची हातभर रिकामी जागा द्या, मी तिथे मेणबत्ती लावीन आणि घाटावरचा दिवा आजच उतरवीन.

“बिना लाश का कबर?” डगन म्हणाले. “ऐसा कायदा नहीं है.”

आपण एकट्याने उमेदवाराची बाजू घेतली, असे कायतान सांगतात. ते खरे असेल. पण त्या सभेतला दुसरा कोणी आज हयात नाही. निर्णय मात्र निर्विवाद आहे. बस्त्यावला फीत मिळाली नाही. तो त्याच संध्याकाळी चालत परतला आणि त्याने दिवा चढवला. त्या दिवशी त्याला उशीर झाला म्हणून घाटियाने त्याला शिव्या घातल्या.

पुढच्या वर्षांत तो बुधवारी छावणीत जाईना, पण कोणी कॅथलिक मेल्याचे कळले की जाऊन पेटीमागे, फितीवाल्यांपासून अंतर ठेवून, चालत राही. दर कार्तिकात दिवा चढे. आणि दर कार्तिकात तो पंतांकडे तेच बोलणे काढी.

“पंत, मी गेलो तर...”

“कळलं रे बाबा, कळलं.”

“शब्द द्या.”

“सभेनं हाकलल्यावर ब्राह्मणाचा शब्द आठवला होय? जा, खिळे जुळव.”

पंतांनी शब्द दिला नाही. का, याचे उत्तर शरदिनीबाईंजवळ नाही. माझा तर्क असा की पंतांच्या मनात मनवेलचे प्रकरण अजून मिटले नव्हते. आपण पुण्य केले असे ते मानत होते. बस्त्यावला शब्द देणे म्हणजे ते पाप होते असे कबूल करणे झाले असते. बस्त्यावचा संशय त्यामुळे कधी फिटला नाही. आपण मेल्यावर हा सज्जन माणूस पुन्हा एकदा सज्जनपणा करील, याच भीतीत त्याने उरलेली वर्षे काढली.

मग महायुद्धाच्या अखेरीस इन्फ्लुएंझाच्या साथीचा तो ताप आला. मणिकर्णिकेवर जागा पुरेना. एका सकाळी विणकर घरमालकाने येऊन सांगितले की बस्ती बाबू उठत नाहीत. पंत पोचले तोवर गल्लीने तयारी केली होती. हेतू वाईट नव्हता. घाट खाली होता, छावणी लांब होती, आणि त्या दिवसांत प्रेत घरात ठेवणे म्हणजे गल्लीचे मरण. तिरडीचे बांबूही आले होते.

पंत दारात आडवे उभे राहिले. “थांबा.”

“पंत, रोग आहे. थांबायचं कशाला?”

“मागच्या खेपेला थांबलो नाही, म्हणून.”

त्यांनी छापखान्यातल्या वेणीमाधव अहिराला एक्क्याने छावणीत धाडले. डगन आले, बरोबर कायतान होते. डगननी आधी चादर वर करून चेहरा पाहिला. हिंदूंनी स्वतःचेच एखादे प्रेत फुकट मातीसाठी बंधुसभेच्या गळ्यात घातले की काय, अशी त्यांना शंका होती. मग ते म्हणाले, “मेंबर नहीं था.”

“मेंबर नहीं था, तो क्या क्रिस्तान भी नहीं था?” पंत म्हणाले.

“क्रिस्तान का बत्ती घाट पर नहीं जलता.”

“ठीक है. तो मणिकर्णिका ले जाएँ? बोलिए. यहीं बोलिए, सबके सामने, कि हमें नहीं चाहिए.”

डगननी चादर पुन्हा चेहऱ्यावर ओढली. गल्ली ऐकत होती. “उठाओ,” ते शेवटी म्हणाले.

“मैं भी चलूँगा.”

“तुम किसलिए?”

“आप पर भरोसा नहीं है.”

“हमको भी तुम पर नहीं है.”

“तब तो चलना ही पड़ेगा,” पंत म्हणाले.

त्या गल्ल्यांच्या वळणांवर पेटी वळत नाही. म्हणून मोठ्या रस्त्यापर्यंत बस्त्याव बांबूच्या तिरडीवर, अहिरांच्या खांद्यांवर गेला, आणि तिथे गाडीवर ठेवलेल्या पेटीत त्याला घातले. कायतान सांगतात की त्याला बंधूंनी उचलले. शरदिनीबाई सांगतात की वडिलांच्या माणसांनी. दोन्ही खरे आहे, अर्ध्या अर्ध्या वाटेपुरते.

दफनभूमीच्या फाटकाशी पंतांनी विचारले, “दीवार के अंदर, या बाहर?” नाकारलेल्यांना भिंतीबाहेर पुरतात, असे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. डगननी रागाने आतली जागा दाखवली. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना म्हटली. मग खड्डा भरेपर्यंत पंत उपरणे नाकाशी धरून उभे राहिले, कारण आपली पाठ वळल्यावर हे लोक काय करतील याची त्यांना खात्री नव्हती. डगनही उभे राहिले, कारण हा पंडित मागे राहून कसलासा विधी उरकील याची त्यांना शंका होती. कोणीच आधी निघेना. माती सपाट झाली, विटा लागल्या, तरी दोघे एकमेकांकडे पाहत होते. ज्या पहाऱ्यासाठी बस्त्याव सभेच्या दारात वर्षभर उभा राहिला होता, तो त्याला असा मिळाला. फितीने नव्हे, अविश्वासाने.

पेटी बंद होण्याआधी आपण आपली निळी फीत आत सरकवली आणि डगननी ते पाहूनही पाहिले नाही, असे कायतान सांगतात. कबर उघडल्याशिवाय याची शहानिशा होणार नाही, आणि ती उघडावी असे मला वाटत नाही.

पुढच्या कोजागिरीनंतर पंत संध्याकाळी घाटावर गेले. हाताशी शरदिनीबाई होत्या. घाटियाला बातमी होतीच. त्याने दोन टोपल्या पुढे केल्या. “दो चढ़ेंगे न, पंडितजी? बस्ती बाबू भी गए.”

“एक,” पंत म्हणाले. “बस्ती को मिट्टी मिली है, मैंने खड़े होकर देखा है. यह मनवेल का है.”

“गोत्र?”

“काश्यप,” पंतांनी सांगितले, आणि दोरी हातात घेतली.